कंठबाबाची पुडी आणि दाढीचं लोशन

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसं खिडक्यांत चढून बसली. व्यासपीठावर कंठबाबा, समोर एक इलेक्ट्रिशियन आणि मधे स्टुलावर दारूचा पेला. आठ दिवस बाबाची दारू सोडवणारी पुडी खाल्लेला तो गडी आता सगळ्यांसमोर घोट घेणार होता.

"पी!" बाबा गरजला. "शक्ती जागी असेल, तर तुझा गळा धरेल!"

गडी प्यायला. थोड्या वेळाने त्याचं तोंड लालबुंद झालं, छाती धडधडायला लागली आणि तो बादलीत भडाभडा ओकला. टाळ्यांचा नुसता कडकडाट! माणसाचा जीव चाललाय आणि हे शहाणे टाळ्या पिटतायत. बाबापेक्षा मला त्यांचीच जास्त चीड आली.

माझ्या शेजारी धाकट्या भावाची बायको डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. तिचं मला कळत होतं. धाकटा वेल्डर, हातात सोनं असलेला. पण दारूने त्याचं लिव्हर सुजवलं होतं. "असंच पीत राहिलात तर वाचणार नाही," असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं.

"भाऊजी, मी पुडी नेतेच," ती म्हणाली. "त्यांच्या चहात घालायची, पण त्यांना कळू द्यायचं नाही."

"अगं, पण त्यात आहे काय?"

"ते विचारलं की शक्ती रुसते म्हणे."

वा! गळा धरणारी शक्ती, आणि साधा प्रश्न विचारला की फुगून बसते. मी तिला खूप समजावलं, पण ऐकतंय कोण!

माझा धंदा दाढी-कटिंगचा. पुढच्या आठवड्यात धाकटा सकाळी दुकानात आला. हात स्थिर, डोळे स्वच्छ. "दादा, दोन दिवस दारूला शिवलो नाही. आज कामावर जातोय, जरा माणसात आण," म्हणाला. मला इतका आनंद झाला की दाढी करून मी त्याच्या गालांना आणि मानेला नेहमीपेक्षा दुप्पट लोशन चोपडलं.

बघता बघता त्याचं तोंड तापलं, लाल झालं. "दादा, छातीत धडधडतंय," म्हणत तो खुर्चीवरून खाली घसरला. मी आणि एका गिऱ्हाइकाने त्याला उचलून समोरच्या दवाखान्यात नेलं. मी पार घाबरलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी त्याला सलाईन लावलं, हृदयाचा आलेख काढला. तोवर त्याची बायकोही धावत आली. मग आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यांना कुठलं औषध देताय?" धाकट्याची बायको रडतच बोलली आणि पर्समधून पुडी काढली. बाईंनी ती तपासायला पाठवली. आत काय निघालं? गोळ्यांची पूड! दारू सोडवायला डॉक्टरच देतात ती गोळी.

"ही अंगात असताना दारू पोटात गेली, की शरीरात विष साठतं," बाई म्हणाल्या. "तोंड लाल होतं, ओकारी येते, हृदय बंदसुद्धा पडू शकतं. ही गोळी तपासणी करून आणि रोग्याला सांगूनच देतात. तुमच्या लोशनमध्येही तेच अल्कोहोल आहे, ते कातडीतूनही आत जातं. आणि लिव्हर सुजलेल्या माणसाला चोरून चहातून? हा खून झाला असता!"

पुढच्या सभेला मी लोशनची बाटली आणि डॉक्टरीणबाई, दोघांना घेऊन गेलो.

"बाबा, माझा भाऊ थेंबभर प्यायला नव्हता. मग त्याचा गळा का धरला? तुमच्या शक्तीला दाढीचं लोशनही चालत नाही का?"

लोक खुसखुसले. बाबा म्हणाला, "त्याने मनात दारू आणली!"

मागून एक बस कंडक्टर उठला. "माझ्या मनात तर ड्यूटी होती! पुडी चालू असताना ह्यांच्याच दुकानात माझंही तोंड असंच पेटलं होतं."

"मग असं करा," मी म्हणालो. "आठ दिवस तुम्हीच ही पुडी खा. नवव्या दिवशी या डॉक्टरांसमोर मी तुमची दाढी फुकट करतो. लोशन माझ्याकडून!"

सगळ्या सभागृहाचे डोळे बाबावर. जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्यावर पोट भरणाऱ्या ह्या बेट्याचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला. "आमचं आज मौन आहे," तो पुटपुटला. अर्धा तास घसा फोडून बोलल्यावर मौन! बाई उभ्या राहिल्या, पुडीत काय आहे ते त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. बाबा मागच्या दाराने पळाला. तरी दोघं-तिघं मला विचारतच होते, "पण पुड्या आता कुठे मिळतील?" कपाळ माझं!

धाकट्याला मात्र कळेना. "दादा, शक्ती नाही, मग मी सुटणार कसा?"

डॉक्टरीणबाईंनी उपचार सुरू केले आणि एक पत्ता दिला. दारू सोडणाऱ्यांचा गट. आम्ही शोधत निघालो, तर तो निघाला माझ्याच दुकानामागच्या गल्लीत, वाचनालयाच्या वरच्या खोलीत! वर्षानुवर्षं मी तिथे कचरा टाकायला जात होतो. बाबाचा फलक दोन मजली. ह्यांचा दारावर चिकटवलेला एक कागद.

आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पाणचट चहा. कुणी कुणाला काही खायला घालत नव्हतं, कुणाच्या डोक्यावर हात ठेवत नव्हतं. एक रिटायर्ड शिक्षिका म्हणाली, "मी शाळेत बाटलीतून पाण्याच्या नावाखाली प्यायचे." कुणी हसलं नाही. पडलो तर कुणाला फोन करायचा, तेवढं मात्र प्रत्येकाला ठाऊक होतं. धाकटा एकदा घसरला, दोन आठवडे तोंड लपवून बसला. ती शिक्षिकाच त्याला घरून घेऊन गेली.

लोकहो, डोकं खांद्यावर आहे ते नुसतं माझ्यासारख्याने केस कापायला नाही. कुणी पुडी दिली तर विचारा, आत काय आहे? ज्याला द्यायची त्याला माहीत आहे का? आणि उलटलं तर धावून कोण येणार? उत्तराऐवजी डोळे वटारले, तर पुडी गटारात टाका आणि दवाखाना गाठा.

परवा गटाच्या बैठकीला नातेवाइकांनाही बोलावलं होतं. धाकटा उभा राहिला. त्याची बायको माझा हात घट्ट धरून बसली होती.

"कालच पगार झाला," तो म्हणाला. "गुत्त्यासमोरूनच घरी आलो. माझा गळा कुणीही धरला नव्हता. तरी प्यायलो नाही."