गल्ली मोजणारी टेप

मी शिलाईवाल्या बाईंची टेप बोलतेय. साठ इंचांची, पिवळी, आकडे पुसट झालेली. कंबरा आणि बाह्या मोजण्यातच माझा जन्म गेला, पण उतारवयात माझ्या नशिबी एक अख्खी गल्ली आली. तेव्हापासून जो थकवा आलाय, तो काही जात नाही.

झालं असं, की शहर चहूकडे फुगत चाललेलं, पण आमच्या गल्लीत नळ नव्हता. वॉर्ड ऑफिसात खेटे घालून बायकांच्या चपला झिजल्या. शेवटी तिथले इंजिनीअर म्हणाले, "माझ्याकडे मोजायला माणूस नाही. तुम्हीच मोजा, नकाशा आणा. गल्ली सगळीकडे सात फूट मोकळी हवी. जिथं कमी, तिथं पाइप थांबेल."

बाईंनी पदर खोचला. कुणाची पायरी पुढे आलेली, कुणाचा कट्टा. बाई मला दोनदा टेकवायच्या, वहीत लिहायच्या आणि सांगायच्या, "फोडा." लोक कुरकुरले, तोंडं वाकडी केली, पण फोडलं. त्यांचा माझ्या आकड्यांवर विश्वास होता.

मग बाईंचंच दार आलं. त्यांचा ओटा नऊ इंच पुढे होता. त्या ओट्यावर त्यांचे सासरे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचे. पाय गेलेले; येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोलणं, एवढंच त्यांचं जग. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. माझे पहिले नऊ इंच मुठीत दाबले आणि वहीत लिहिलं, सात फूट.

पाइप आला आणि बरोबर बाईंच्या दारात अडला. इंजिनीअरांनी पोलादी टेप लावली, मान हलवली. पुढची अकरा घरं कोरडीच. सगळे बाईंकडे बघायला लागले.

"टेप जुनी आहे हो," बाई म्हणाल्या. "आखडलीय."

मला तोंड असतं तर!

सासऱ्यांनी ऐकलं. "फोड गं," एवढंच म्हणाले, आणि हातोडी यायच्या आत भिंत धरून, सरपटत घरात गेले. आता ते मशीनमागच्या खाटेवर असतात. पाऊल वाजलं की विचारतात, "कोण गेलं?"

ओटा फुटला, पण तोवर इंजिनीअरांची बदली झाली होती. नव्या साहेबांना नवा नकाशा हवा होता. पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे. पाणी शेवटच्या घरापर्यंत पोचायला पाच महिने गेले.

गल्लीने नवी टेप आणली. मी 'ती चुकीची' झाले. कपडे मात्र माझ्याच मापाने शिवले जातात, आणि अजून एकही कुणाला घट्ट झालेला नाही. याचं कुणालाच नवल वाटत नाही.

काल शेवटच्या घरातल्या मावशी आल्या. ते पाच महिने त्यांनी लांबून पाणी वाहिलं. तेव्हा कंबर धरली, ती धरलीच. बाईंनी मला त्याच कमरेभोवती गुंडाळलं.

"टेप बदललीस ना गं?" मावशींनी विचारलं.

बाईंचे हात थांबले.

"टेप बरोबर आहे, मावशी. तेव्हाही बरोबर होती. मीच नऊ इंच मुठीत धरले होते."

मशीन बंद होतं. खाटेवर सासऱ्यांनी मान इकडे वळवली. मावशींचे हात वर होते, ते तसेच राहिले. किती वेळ, ते मोजणं माझं काम नाही.

मग मावशी म्हणाल्या, "घे. माप घे. नीट घे."