गोळीशिवाय बारा तास

बाबांच्या चाळिसाव्याचं जेवण झालं आणि पुढच्या आठवड्यात मी ट्यूनिसला डॉ. मुफीदा घरियानी यांच्याकडे गेले. त्या मेंदूविकारांच्या डॉक्टर. सहा वर्षांपूर्वी इस्पितळातल्या त्यांच्या विभागात बाबांची एक चाचणी झाली होती. तिचं चित्रण त्यांच्याकडे होतं, ते मला हवं होतं. घरात बाबांचे फोटो पुष्कळ आहेत. आवाज कुठेही नाही.

बाबा म्हणजे सासी, गेल्लालाचे कुंभार. जेरबा बेटाच्या दक्षिण टोकाला आमचं गाव आहे आणि तिथे निम्मी घरं कुंभारांची. आमची कार्यशाळा अर्धी जमिनीत आहे, माती सुकू नये म्हणून. बाबा पायाने चाक फिरवत आणि हातांनी माणसाच्या उंचीचे रांजण चढवत. चौपन्नाव्या वर्षी त्यांचा उजवा अंगठा थरथरायला लागला. दोन वर्षांत हात आखडला, मग पाय. उंबरठ्याशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. गंमत अशी की चाकावर बसवलं तर तोच पाय चाक फिरवायचा. पण मातीचा गोळा मधोमध बसवायला हात लागतात, आणि ते उरले नव्हते.

हा आजार आमच्या घरात नवा नव्हता. आजोबांना होता. पाहुणे आले की त्यांना भट्टीमागच्या खोलीत नेऊन बसवत आणि विचारणाऱ्याला सांगत की ते नमाजाला बसलेत. शेवटची आठ वर्षं गावातल्या कुणी आजोबांना पाहिलं नाही. त्यांचं जेवण आत घेऊन जायचं काम तेव्हा दहा वर्षांच्या बाबांकडे होतं. हे बाबांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून.

डॉ. मुफीदा बेटावर पहिल्यांदा आल्या त्या रक्ताचे नमुने घ्यायला. आमच्यासारख्या अमाझीग, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, घराण्यांत एका जनुकातला दोष जगात इतरत्र सापडतो त्याहून कितीतरी जास्त सापडतो, आणि कंपवाताच्या पुष्कळ रुग्णांचं मूळ त्यात असतं. आमच्या घरातल्या एकतीस जणांनी रक्त दिलं. डॉक्टरांनी मोठ्या कागदावर घराण्याचा वृक्ष काढला. पुरुष चौकोन, बायका वर्तुळं, आजारी माणसं काळ्या शाईने भरलेली. बाबा तो कागद बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, आमच्या घरात इतकं नीट काम आजवर कुणी केलं नाही. माझंही वर्तुळ त्यात आहे. त्या रक्तात काय निघालं हे मी अजून विचारलेलं नाही.

दोन वर्षांनी डॉक्टरांचा फोन आला. कवटीला छिद्रं पाडून मेंदूत दोन बारीक तारा बसवायच्या, छातीत कातडीखाली बॅटरी, आणि तिच्या मंद विजेने अंग सैल करायचं, अशी शस्त्रक्रिया होती. तो दोष असलेल्या माणसांना तिचा किती उपयोग होतो हे त्यांना तपासायचं होतं. चार रुग्ण घ्यायचे होते, तीन ठरले होते. चौथ्या जागेसाठी बाबांचा विचार होता, पण आधी चाचणी. बारा तास औषध बंद ठेवायचं, मग हालचालींना गुण द्यायचे, मग गोळी द्यायची आणि तासाभराने पुन्हा गुण. गुण जितके जास्त तितका आजार जास्त. गोळीने ते निदान एकतृतीयांशाने उतरले पाहिजेत. गोळीने जे सुधारतं तेच तारांनी सुधारतं, बाकीचं नाही.

आम्ही माझा भाऊ याहियाकडे उतरलो. त्याचं ट्यूनिसमध्ये किराणा दुकान आहे आणि दुकानामागे दोन खोल्या. आदल्या संध्याकाळी आठला मी बाबांना शेवटची गोळी दिली आणि डबी माझ्या पर्समध्ये ठेवली.

सकाळी ते हातपाय धुवायला आत गेले आणि बाहेर आले ते जाकिटाची अकराही बटणं लावून. गोळीशिवाय त्यांना एक बटणही लावता येत नव्हतं. दोन वर्षं रोज सकाळी ती मी लावत होते. त्यांच्या खिशात तपकिरीची छोटी पत्र्याची डबी असायची. तीत तपकिरीखाली काय असणार हे मला तिथेच, न्हाणीघराच्या दारात कळलं. मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी मी कुणाची बटणं न लावता घराबाहेर पडत होते, आणि अंगाला साबणाचा वास येत असलेले बाबा टॅक्सीपर्यंत स्वतः चालत गेले.

इस्पितळात एका माणसाने तिपाईवर कॅमेरा लावला होता. डॉक्टर सांगत होत्या तसं बाबा करत गेले. बोटं टेकवा, मूठ उघडा, टाच आपटा, हात न टेकता खुर्चीतून उठा, तिथपर्यंत जाऊन वळा. वळताना त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून मिशीवरून हात फिरवला. सत्तावीस गुण. मग मोठी गोळी, तासभर वाट, पुन्हा तेच सगळं. एकोणीस.

डॉक्टरांनी आकडेमोड दोनदा केली. एकतृतीयांशाला थोडं कमी पडत होतं. त्यांनी बाबांशेजारी खुर्ची ओढली आणि समजावून सांगितलं की औषधाचाच परिणाम इतका थोडा असेल, तर डोकं उघडण्यात अर्थ नाही. जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. बाबांनी ऐकून घेतलं, आभार मानले, अल्लाची मर्जी म्हणाले आणि उठले. त्यांचा अंगठा खिशातल्या डबीच्या झाकणावर फिरत होता. सकाळच्या गोळीने पहिले गुण आधीच उतरले होते, हे त्यांना कळलं होतं. पण ते आता बोलू शकणार नव्हते.

आमच्याकडे परक्यासमोर मुलगी बापाचं म्हणणं खोडत नाही. बाबांना टॅक्सीत बसवून काहीतरी विसरल्याचं निमित्त करून मी परत येऊ शकले असते, डॉक्टरांना एकट्यात गाठू शकले असते. तो विचार माझ्या मनात येऊन गेला. पण पाठीमागे सांगितलं असतं तर ती चहाडी झाली असती. म्हणून मी त्यांच्यासमोरच म्हणाले, "बाबांनी सकाळी गोळी घेतलीय."

कॅमेरावाला वायर गुंडाळत होता, तो थांबला. डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. "खरं का, काका?"

"माझी मुलगी शाळेचं ग्रंथालय सांभाळते," बाबा म्हणाले. "वाचून वाचून तिला माणसाच्या खिशातलंही वाचता येतं."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी कॅमेरावाल्याला आजचं चित्रण पुसायला सांगितलं. रविवारपर्यंत जागा धरून ठेवते, म्हणाल्या, पण यायचं तर खरोखर गोळीशिवाय.

टॅक्सीत बाबा एकच वाक्य बोलले, तेही खिडकीबाहेर बघत. "त्या डब्यात मला भट्टीमागे बसवून ठेवणार होतीस." डबा म्हणजे कॅमेरा; त्यात ते आजोबांसारखे आखडलेले कायमचे राहिले असते.  

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. घर दोन खोल्यांचं, त्यामुळे न बोलणंही समोरासमोरच चालायचं. "याहिया, तुझ्या बहिणीला सांग, चहात साखर कमी आहे." याहिया माझ्याकडे बघून म्हणायचा, "ताई, चहात साखर कमी आहे." मी म्हणायची, सांग त्यांना, डॉक्टरांनी तेवढीच सांगितलीय. याहिया शेवटी वैतागून म्हणाला की दुकानात गिऱ्हाइकं सांभाळू की तुमची टपाल कचेरी चालवू.

शनिवारी दुपारी जेवताना बाबांनी कुसकुसचा घास हातात तसाच धरला आणि याहियाला विचारलं, "गेल्लालात मडकं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक काय करतं?"

"भाव पाडतं."

"त्याआधी."

"ठोकून बघतं."

"भरलेलं की रिकामं?"

"रिकामंच. भरलेलं ठोकून काय कळणार?"

"हं," बाबा म्हणाले. मग त्यांनी खिशातली डबी काढली आणि याहियाच्या ताटाशेजारी ठेवली. "ही ठेव तुझ्याकडे. आणि उद्या तुझ्या बहिणीला म्हणावं, बाहेर बस. आत यायचं नाही."

रविवारी त्यांना चाकाच्या खुर्चीतून न्यावं लागलं. बटणं याहियाने लावली. मी बाहेरच्या बाकावर बसले. दार बंद झालं आणि जवळजवळ दोन तासांनी उघडलं. डॉक्टर हातात कागद घेऊन आल्या. बावन्न, मग एकवीस. त्यांच्यामागून बाबा चालत बाहेर आले, माझ्यासमोरून गेले आणि याहियाला म्हणाले की भूक लागलीय.

शस्त्रक्रिया महिन्याभराने झाली. त्यात त्यांना जागं ठेवलं होतं, आणि म्हणे त्यांनी सर्जनला विचारलं की तुमचा हात स्थिर आहे ना, नाहीतर माझ्या जागी या. तीन महिन्यांनी बाबा चाकावर बसले. पहिला गोळा घसरला, दुसराही. तिसरा मधोमध बसला. मोठे रांजण पुन्हा झाले नाहीत, पण तेलाच्या अरुंद गळ्याच्या कुप्या झाल्या, आणि अरुंद गळा काढणं जास्त कठीण असतं हे कुणालाही विचारा. कॉफीच्या दुकानात मित्र त्यांच्या छातीवर टिचकी मारून विचारायचे की सासी, इटलीचा टीव्ही लागतो का.

आवाज मात्र खाली बसत गेला. हे होऊ शकतं असं आधी सांगितलं होतं. डॉक्टरांनी वीज कमी करून पाहिली, तेव्हा आवाज थोडा वर आला आणि हात पुन्हा आखडले. बाबांनी हातांकडे बोट दाखवलं. पहिल्या वर्षी ते हळू बोलायचे, तिसऱ्या वर्षी कुजबुजायचे, शेवटची दोन वर्षं मी त्यांच्या ओठांकडे बघून समजून घ्यायची. ते माझ्याशी बोलायला लागले होते, ते गावी परतल्यावर लगेचच. पण त्या सकाळबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. मी बरोबर केलं होतं हे मला माहीत होतं. त्यांनी मला माफ केलं का, हे माहीत नव्हतं, आणि विचारावंसं वाटलं तोवर उत्तर ऐकू येण्यासारखं राहिलं नव्हतं. फेब्रुवारीत त्यांना न्यूमोनिया झाला. नऊ दिवसांत गेले.

डॉ. मुफीदांनी मला त्यांच्याच खोलीत बसवलं, संगणक सुरू करून दिला आणि विचारलं की थांबू का बाहेर. मी म्हटलं, नको, बसा.

पडद्यावर त्या रविवारचे बाबा खुर्चीत एका बाजूला कलले होते. तोंड थोडं उघडं, डोळे न मिटणारे. जाकिटाचं एक बटण चुकलं होतं, त्यामुळे सगळीच एक घर खाली लागली होती. याहियाला ते कधी जमलं नाही. चित्रणात डॉक्टरांचा आवाज आला. बोलण्यालाही गुण असतात, म्हणून त्या विचारतात. "काका, सकाळपासून काय काय केलंत, ते सांगा."

 मग तो आवाज. सपाट, संथ, पण त्यांचा.

"काही केलं नाही. बारा तास झाले. काही खाल्लं नाही, काही लपवलं नाही." श्वास घेतला. "बाहेर माझी मुलगी बसलीय. तिला विचारा. तिचं लक्ष असतं."

"बोलावू का तिला आत?"

 उजवा हात मांडीवर थरथरत होता.

"नको," बाबा म्हणाले. "ती बटणं लावत बसेल."

डॉक्टरांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. पुढे अजून बावीस मिनिटं होती. बोटं टेकवणं, मूठ, टाच, खुर्चीतून उठायचे चार अयशस्वी प्रयत्न. मी ती सगळी पाहिली.