नवऱ्यासाठी खारं पाणी

माझा नवरा अकरा वर्षांनी बोटीवरून घरी यायचा होता, तो प्लास्टिकच्या पिशवीतून, पाण्यासकट. कंपनीतल्या बाईंनी फोनवर सगळं नीट समजावून सांगितलं. इतकी वर्षं समुद्रावर काढल्यामुळे त्याला आता कोरडी हवा सोसत नाही, आणि उंचीही कमी होत होत वीतभर राहिली आहे. बाकी तब्येत उत्तम. घरी खाऱ्या पाण्याची टाकी तयार ठेवा, सहा आठवड्यांनी पाठवतो.

"वीतभर म्हणजे माझी वीत की तुमची?" मी विचारलं. मी ब्लाउज शिवते, मला असं मोघम चालत नाही.

"सर्वसाधारण," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता बार्शीत समुद्र कुठून आणायचा? आमच्या गल्लीत नळाला पाणी चार दिवसांआड येतं, तेही गोडं. पण सुलोचनावन्सं ऐकतायत होय! वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. मल्लिनाथला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनीच लहानाचा मोठा केला, आणि त्यांचे यजमान गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. त्या म्हणाल्या, "पोर येतंय ना? मग समुद्र आणायचा." पोर बेचाळीस वर्षांचं होतं.

माझं विचाराल तर मला तो हवा होता की नको, हेच ठरत नव्हतं. पण गिरिजा, आमची मुलगी, तो गेला तेव्हा आठ महिन्यांची होती. आता तिला बारावं चालू होतं. पोरीला बाप दिसायला हवा, आणि दिसायचा तर जिवंत दिसायला हवा. एवढं मात्र मी मनाशी पक्कं केलं होतं.

सोलापुरातले माशांच्या दुकानाचे अत्तारचाचा टेम्पोतून चार फुटी टाकी घेऊन आले. हॉलमध्ये शिलाई मशिन कोपऱ्यात सरकवून त्या जागी स्टँड ठेवलं, त्यावर थर्माकोल, त्यावर टाकी. चाचांनी गवंड्यासारखी पाणसळ लावून पाहिली. "सुताचा फरक राहिला तरी काच एक दिवस तडकते," ते म्हणाले. मग आम्ही तिघींनी फिल्टरच्या पाण्याचे जार ओतले आणि समुद्री मीठ कालवलं. वन्संनी बोट बुडवून चाखलं.

"आमटीला चाललं असतं. अजून दोन मुठी."

गिरिजानं खारटपणा मोजायची नळी बुडवली. मीठ दोन मुठीच कमी होतं.

पांढरी वाळू पसरली, सच्छिद्र दगड रचले, पंप चालू झाला. मला वाटलं, झालं. चाचा बशीतला चहा फुंकत म्हणाले, "आता यात काहीतरी कुजायला टाका."

"कुजायला?"

"हो की. कुजलं की विष चढतं, मग ते विष खाणारे बारीक जीव दगडात तयार होतात, मग विष उतरतं. उतरलं की टाकी राहण्याजोगी होते. त्याआधी माणूस सोडला तर दोन दिवस टिकणार नाही. लोक कोळंबी टाकतात."

"कोळंबी? या दारातून?" वन्सं उठून उभ्याच राहिल्या.

"मग घरात जे सडत असेल ते टाका. टाकीला फरक पडत नाही."

"आमच्या घरात काही सडत नाही," मी ठणकावून सांगितलं.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं आणि बशी खाली ठेवली. "असतं, बाई. प्रत्येक घरात असतं."

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी टाकीचं झाकण उचललं आणि म्हटलं, "अहो, पोरीच्या जावळाला आला नाहीत तुम्ही." ते वाक्य माझ्या तोंडातून पाण्यात पडलं. भिजवलेल्या चिंचेच्या गोळ्याएवढं होतं. हळूहळू खाली गेलं आणि दोन दगडांच्या मधे जाऊन बसलं. थोडा वासही आला.

मग काय, मला जोरच आला. रोज कामं उरकली की झाकण उचलायचं. तुमचे अण्णा गेले तेव्हा तेराव्याला फोनवरून नुसत्या सूचना देत होतात, बोटीवरून संसार म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. गिरिजाला डेंग्यू झाला तेव्हा "काळजी घे" म्हणालात, कशाच्या जोरावर घेऊ? पुढच्या वर्षी नक्की येतो, पुढच्या वर्षी नक्की येतो. हे शेवटचं फार मोठं होतं. दोन तुकडे करून टाकावं लागलं.

एकदा मी भाकरीच्या पिठाचे हात घेऊन हॉलमध्ये आले तर वन्सं टाकीवर वाकलेल्या. "महानंदाच्या जिभेला हाड नाही," त्या पाण्याला सांगत होत्या. "मी आले त्याच वर्षी मला म्हणाली, तुमचं इथे आहे काय? मी त्या रात्री जेवले नव्हते."

म्हणाले होते मी. चांगलं आठवतंय मला. त्यांचा गोळा टुपकन पडला आणि माझ्या गोळ्यांशेजारी जाऊन बसला.

"वन्सं, झाकण नीट लावा," मी म्हटलं.

"लावते," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी माझ्या ताटात तूप जास्त वाढलं.

गिरिजानं एकच टाकलं. "बाबा कसे चालतात ते मला माहीत नाही." ते दोन दिवस नुसतं वरच तरंगत होतं. मला बघवेना. शेवटी तिसऱ्या दिवशी ते आपलं आपण खाली गेलं.

पाणी तपासायची पेटी गिरिजाकडे होती. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा. पिवळा आला तर चांगलं, हिरवा म्हणजे विष. आमचा इतका हिरवा आला की कागदावरच्या पट्टीत तो रंगच नव्हता.

"उत्तम!" चाचा फोनवर म्हणाले. "चढू द्या. आणि खिडक्या बंद ठेवा. उदबत्ती नको, फिनेल नको, फोडणीचा धूर नको."

चौथ्या आठवड्यात हॉलच्या भिंती आत सरकायला लागल्या. मी टेप लावून मोजलं. सोमवारी हॉल बारा फूट रुंद होता, गुरुवारी साडेदहा.

"टाकीला भोवती मोकळं आवडत नाही," चाचा म्हणाले. "सोफा काढा."

सोफा अंगणात काढला. मग दिवाण काढला. मग माझं मशिन स्वयंपाकघरात गेलं. ब्लाउज न्यायला येणाऱ्या बायका दारातूनच हात आत घालायच्या. सहाव्या आठवड्यात भिंतीला पाठ टेकून उभं राहिलं की नाक काचेला लागत होतं, आणि आम्ही तिघी तशाच ओळीनं उभ्या असायचो. गंमत म्हणजे अडचण अशी वाटत नव्हती. घरात बोलणं कमी झालं होतं. दाढ काढल्यावर तोंडात मोकळं लागतं, तसं मला सारखं वाटायचं.

हिरवा रंग उतरला. आधी पोपटी, मग लिंबाच्या सालीसारखा, मग स्वच्छ पिवळा. आमचे गोळे बसले होते तिथे प्रवाळ उगवलं. जावळाच्या ठिकाणी जांभळं, बोटं हलवणारं. वन्संच्या ठिकाणी केशरी बटणांसारखं. चाचा येऊन बघून गेले. म्हणाले, "एवढ्या लवकर कुणाचं येत नाही. तुमच्याकडे माल भरपूर होता."

मल्लिनाथ मंगळवारी दुपारी बारा वाजता थर्माकोलच्या खोक्यातून आला. पिशवीच्या तळाशी मांडी घालून बसला होता. निळा डांगरीचा पोशाख, कानांवरचे केस पांढरे. माझ्या वितीपेक्षा बोटभर जास्तच भरला असता. वन्संनी भाकरतुकडा ओवाळून बाहेर टाकला आणि पिशवी उजेडात धरली.

"वाळलाय गं."

"पाण्यात कसा वाळेल?" मी म्हटलं. पण वाळला होता.

पिशवी फोडून त्याला एकदम सोडायचं नव्हतं. आधी पिशवी टाकीत तरंगत ठेवायची, मग बारीक नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी पिशवीत थेंब थेंब सोडायचं. दोन तास. घाई केली तर धक्क्यानं जातो, चाचांनी बजावलं होतं. नळी गिरिजानं धरली. पहिला थेंब डोक्यावर पडला तसा तो दचकला. मग वर बघून त्यानं तोंड उघडलं आणि पुढचा थेंब गिळला. प्रत्येक थेंबाला तो माझ्याकडे बघायचा. कुठल्या थेंबात काय विरघळलंय, हे त्याला कळत असावं. मी पदराशी चाळा करत उभी राहिले.

सोडल्याबरोबर तो दगडांच्या मागे गेला. गेला तो गेलाच.

बुधवारी दिसला नाही. गुरुवारीही नाही. वन्सं काचेवर टिचकी मारून "मल्लू, ए मल्लू" करायच्या. शुक्रवारी सकाळी गिरिजानं पाणी तपासलं आणि नळी माझ्यासमोर धरली.

"आई, हिरवं."

पोर हुशार होती, तिला सांगायला नको होतं. तयार टाकीत विष पुन्हा चढलं, याचा अर्थ एकच असतो. दगडामागे काहीतरी मेलंय.

वन्संना मटकन खाली बसायचं होतं, पण बसायला जागा नव्हती. त्या भिंतीला लागून उभ्याच रडायला लागल्या. मी चाचांना फोन केला.

"दगड हलवू नका," चाचा म्हणाले. "जिवंत असेल तर भीतीनं मरेल. मेला असेल तर घाई कशाची?"

मला रडू कोसळलं, आणि रडू आल्याचा रागही आला. अकरा वर्षं नाही आलं मेलं. माझ्याच बोलण्याच्या पाण्यात मी त्याला सोडलं, मीच त्याला मारलं, असं वाटायला लागलं.  गिरिजानं माझा पदर घट्ट धरून ठेवला होता, लहानपणी धरायची तसा. मी कपाळ काचेला टेकलं. मग कान टेकला.

आत कुणीतरी बोलत होतं.

"पाचव्या वर्षी सिंगापूरहून फोन केला," आवाज म्हणत होता, दगडांना सांगितल्यासारखा, सावकाश. "तू उचलला नाहीस. परत केला. परत नाहीस. फोटो मागितला, तर पोरीचा पाठवलास, तुझा नाही. अण्णा गेले तेव्हा बोट भरसमुद्रात होती. मी तेरा दिवस इंजिनच्या खोलीत जमिनीवर झोपलो. ते कुणी विचारलं नाही."

तो फोन मी उचलला नव्हता. खरंय ते. समोर ठेवून वाजू दिला होता, दोन्ही वेळा.

"वन्सं," मी म्हटलं, "कान लावा."

त्यांनी लावला. गिरिजानं लावला. "बोलतोय गं!" वन्सं ओरडल्या. "पोर बोलतंय!" माझा जीव भांड्यात पडला आणि मी मागे कलंडले. भिंत होती म्हणून उभी राहिले.

विष त्याचं होतं. अकरा वर्षांचं त्याच्याकडेही साठलेलं होतंच की, ते तो दगडामागे उतरवून ठेवत होता. शनिवारभर बोलला, रविवारभर बोलला. रंग काळपट हिरवा झाला. आम्ही आळीपाळीनं कान लावून उभ्या राहिलो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी उभ्यानंच खाल्ली. मी एकदाही मधे बोलले नाही. वन्संनी ते कॅलेंडरवर तारखेसकट लिहून ठेवलं.

बुधवारपर्यंत पाणी पिवळं झालं. आणि गुरुवारी सकाळी, मी चहाचा कप घेऊन काचेसमोर आडवी सरकत आले तेव्हा, तो बाहेर आला. पोहत नाही, चालत. वाळूवरून, डावा पाय जरासा फेकत, बाजाराला निघाल्यासारखा. गिरिजा बघत राहिली. तिचं तोंड उघडं राहिलं होतं आणि ती हसत होती.

तो अगदी काचेपाशी आला. अंग भरलं होतं. त्यानं तिच्याकडे खूप वेळ पाहिलं, मग वन्संकडे, मग माझ्याकडे.

"महानंदा," तो म्हणाला, "मीठ कमी आहे."

"अकरा वर्षांनी आलात आणि हे?"

"कमी आहे ते कमी आहे."

हुश्श. मला हसूच फुटलं. आला तो चुका काढतच आला, म्हणजे राहणार होता. इतकी वर्षं मी एकटीच बडबडत होते, भिंतीशी, मशिनशी, पाण्याशी. आता समोरून कुणीतरी उलट बोललं होतं. इतकं हलकं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

"किती घालू?" मी विचारलं.

"चिमूटभर."

मी चिमूट घेतली. पाठ भिंतीला होतीच. टाचा उंचावल्या, झाकण सरकवलं आणि हात पाण्यात घातला. जेवढा हात पाण्याखाली गेला तेवढा लहान होत गेला. आधी बोटं, मग मनगट, त्याच्याबरोबर हिरव्या बांगड्या, मग कोपर. खाली पोचला तेव्हा तो बाहुलीचा हात होता, पण चिमटीत मीठ तसंच होतं आणि बोटांवरचे सुईचे टोचेही दिसत होते.

मल्लिनाथनं मीठ घेतलं आणि बाजूला वाळूवर ठेवलं. मग माझा हात दोन्ही हातांनी धरला. पकड चांगली घट्ट होती.

"आई, खांदा भिजतोय तुझा," गिरिजा म्हणाली.

"भिजू दे," मी म्हटलं.

माझ्या पाठीमागची भिंत आणखी बोटभर पुढे सरकली.