दोन माळा आणि मधली केबल

खंडेनवमीच्या सकाळी जळगावच्या त्या दवाखान्यात एक्स-रे मशीनपासून लिफ्टपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा पडल्या होत्या. सफाईवाल्या बेबाबाईंनी कुणाला म्हणून वगळलं नव्हतं. गिझरसुद्धा नवरदेवासारखा दिसत होता.

नेटवर्क सांभाळणारा तेजस सर्व्हर रूममध्ये शिरला, तर फायरवॉलच्या दोन पेट्या माळा घालून लग्नाला उभ्या. दवाखान्यातून नेटवर बाहेर जाणारं प्रत्येक बोलणं पहिल्या पेटीतून जायचं. दुसरी नुसती बसून. पण दोघींमध्ये हातभर निळी केबल होती, आणि तिच्यातून पहिली दुसरीला सारखी सांगत राहायची: अमक्याचं तमक्याशी चाललंय, इथवर आलंय. म्हणजे पहिलीनं डोळे मिटले तरी दुसरी अर्ध्या शब्दापासून पुढे चालवणार.

माळ पहिलीच्या पंख्यावर घट्ट बसली होती. तापमानाचा आकडा लाल. तेजसनं माळ तोडली, तरी पंखा हलेना. पाकळ्या आत गेलेल्या. आणि निळी केबल गायब.

तेवढ्यात फोन. वरच्या मजल्यावरून भूमिका, वाचा-उपचार करणारी. "तेजस, आबा ‘तू’ म्हणाले! पुढचं शोधतायत. नेटला हात लावलास तर बघ!"

जीवराम आबा, दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, पक्षाघाताचा झटका आल्यापासून एकोणीस दिवस मुके होते. रोज अकराला तेजस त्यांना टॅबलेट लावून द्यायचा; आजही लावूनच खाली आला होता. पलीकडे धुळ्याला, लेकीच्या घरी, पाय प्लॅस्टरमध्ये घालून त्यांची बायको, सुनंदाबाई. त्या गावभरचं सांगायच्या आणि शेवटी रोज अहिराणीत एकच टोमणा: "आठे काय मस्त झोप लागस! घोरणारं कोनी नही." आबा भिंतीकडे बघत राहायचे. भूमिका म्हणायची, शब्द निघाला की धागा तुटू द्यायचा नाही. तुटला तर पुन्हा कधी निघेल, देव जाणे.

पहिली पेटी फार तर पाच मिनिटांची सोबती. दुसरीला आबा माहीतच नाहीत.

"बेबाबाई! इथली निळी केबल?"

"दोघींना माळा घालाच्या तं मधी आडवी येत होती. फेकली नाही हो. हत्यारच ना तेबी!"

केबल पूजेच्या ताटात, नारळाखाली, हळदकुंकू लावून वेटोळं घालून बसली होती. तेजसनं कुंकू पॅन्टला पुसलं आणि केबल खोचली. पहिलीकडे अकराशे दोन बोलणी चालू. दुसरीकडे शून्य. मग चाळीस. मग दोनशे.

"वारा घाला, बेबाबाई!"

"देवाला घालतात तसा?"

"त्याहून जोरात!"

बेबाबाईंनी हाताला लागला तो कुणाच्या तरी छातीचा जुना एक्स-रे उचलला आणि वारा घालू लागल्या. सातशे. नऊशे. तेजसचं बोट बटणावर. अकराशे दोन.

"दमलीस. बस आता," तो पहिलीला म्हणाला आणि काम दुसरीकडे दिलं.

मग तीन-तीन पायऱ्या एकदम चढत वर. खोलीत टॅबलेटवर सुनंदाबाई, तोंड अर्धवट उघडं, अजिबात न हलणाऱ्या. समोर आबा, तेही तसेच. चित्र गोठलेलं. तेजसला वाटलं, गेला कॉल. त्यानं टॅबलेटकडे हात नेला.

"बाजूले हो ना भाऊ," चित्र म्हणालं. "ते बोली ऱ्हायनात."

तेजस भिंतीला चिकटला.

आबांनी ओठ जुळवले. "तूच... घोरस."

सुनंदाबाई उसळल्या. "एकोणीस दिननंतर तोंड उघाडं, ते हाई सांगाले? बठ्ठा गावले माहीत शे कोण घोरस ते!" आणि पदर डोळ्यांना.

आबा बराच वेळ शोधत राहिले. "झोप... येत नही," ते म्हणाले. "आवाज नही ना... तुना."

तेजस बाहेर आला. बेबाबाई एक्स-रे घेऊन दारातच उभ्या होत्या.

"अजून घालू का वारा?"

"घाला," बाहीनं डोळे पुसत तो म्हणाला. "मलाच घाला थोडा."