जपून ठेवलेलं वाक्य

"न्या खुशाल. मी काही तुमच्यासारखी नाही." धाकटीने हे वाक्य हिवाळाभर मनात घोळवून अगदी गुळगुळीत केलं होतं.

ते होतं थोरल्या जावेसाठी. धाकटी तळमजल्यावर कपडे शिवायची, थोरली वरच्या मजल्यावर पडदे. एका नवरीचा झगा द्यायच्या दिवशीच धाकटीची इस्त्री जळाली. ती धावत वर गेली, तर थोरली दारातूनच म्हणाली, "माझी इस्त्री मी कुणाला देत नाही." झगा चुरगळलेलाच गेला आणि नवरीची आई नाही नाही ते बोलली. तेव्हापासून धाकटी टपून बसली होती. थोरलीचंही कधीतरी अडेलच ना!

सासरे धाकटीजवळ बसून बटणं लावून द्यायचे. तोराह हा ज्यूंचा धर्मग्रंथ त्यांना तोंडपाठ. सुनेने कौतुकाने वाक्य ऐकवलं, तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"देत नाही म्हटलंस तर तो सूड. 'न्या, मी तुमच्यासारखी नाही' म्हटलंस तर तो आकस. तोराहमध्ये दोन्हींना मनाई आहे."

"म्हणजे त्यांनी नाही म्हणायचं आणि तोंड मी शिवून घ्यायचं?"

"शिवणकाम तर तुला येतंच."

आणि एका दुपारी थोरली खरंच खाली आली. "माझी इंटरलॉकची मशीन बंद पडलीय गं. पडद्यांच्या कडा राहिल्यात, गिऱ्हाईक संध्याकाळी येईल. तुझी जुनी देतेस?"

वाक्य जिभेवर येऊन उभं राहिलं. सासऱ्यांनी मान वर केली नाही, पण त्यांची सुई थांबली. धाकटीने दात आवळले आणि मुकाट्याने मशीन काढून दिली.

थोरली जिना चढून गेली आणि धाकटीला आठवलं, या मशीनचा तिसरा दोरा हुकाच्या मागून घ्यावा लागतो, नाहीतर वीतभर शिवण झाली की तुटतो. तुटू दे की! आपण कुठे काय बोललो? क्षणभर तिला फार बरं वाटलं. मग संध्याकाळचं ते गिऱ्हाईक डोळ्यांपुढे आलं. तसलं बोलणं किती लागतं, हे तिला चांगलंच ठाऊक होतं. हातातलं काम टाकून ती वर धावली.

"वहिनी, थांबा! तिसरा दोरा मागून घ्या. हा असा."

दोघी मशीनवर वाकल्या. "त्या दिवशी इस्त्रीचं मी..." थोरली पुटपुटली.

"आधी दोरा ओवा. पडदे द्यायचेत ना?"

ती खाली आली तेव्हा सासरे वाटच बघत होते. "बोललीस?"

"बोलले."

"काय?"

"दोरा कसा ओवायचा ते." ती मशीनवर बसली आणि एकदम हसत सुटली. "बाबा, एवढं छान वाक्य होतं हो! फुकट गेलं."