माझ्या चकतीवरचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुना काळा टेलिफोन आहे, आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

साठ सालानंतर अमरावतीत स्वयंचलित एक्स्चेंज आलं, तेव्हा कॅम्पातल्या केशवराव वकिलांच्या बैठकीत मला बसवलं. पूर्वी एक्स्चेंजमधल्या बाईला नंबर सांगून ताटकळावं लागे. आता माझी चकती फिरवली की तिचे ठोके मोजून तिकडचं यंत्रच नंबर जोडून देई. मध्ये कोणी नको, कोणाची परवानगी नको!

हेच वकिलांना खटकलं. त्यांच्या पत्नी गोदावरीबाई दुपारी मैत्रिणीशी चार शब्द बोलायच्या, एवढंच. वकिलांनी माझ्या चकतीच्या भोकात पितळी कुलूप अडकवलं. "बायकांच्या हाती यंत्र दिलं की त्याचं खेळणं होतं," असं पक्षकारांसमोर हसत म्हणाले. किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात. बाहेरचा फोन आला की मी वाजायचो. पण घरातून कोणाला हाक मारता येईना. तोंडात बोळा कोंबल्यागत मी गप्प.

वैशाखातली दुपार होती. वकील कोर्टात. दिवस भरत आलेली सून कुंदा मागच्या पायरीवरून पडली.

"बाई, लय रगत जाऊन राहिलं!" घरकामाची सुंदराबाई ओरडली. "टांगा पायतो मी!"

गोदावरीबाई माझ्याकडे धावल्या. कुलूप ओढलं, पिळलं. बोटं सोलली, ते हललं नाही. सुंदराबाई हात हलवत परत आली. उन्हात रस्ता ओस पडला होता.

"तोडा ना मंग ते! काहून पाहून राहिल्या?"

बाईंनी स्वयंपाकघरातला बत्ता आणला. पहिल्या घावात माझी चकती तडकली. मी मनात म्हटलं, आणखी मारा! दुसऱ्या घावात कुलूप तुटलं. बाईंनी सोललेल्या बोटाने नंबर फिरवला. दवाखान्याची गाडी आली. कुंदा वाचली. बाळ नाही वाचलं.

संध्याकाळी बाई सुनेचे कपडे न्यायला घरी आल्या, तेवढ्यात निरोप मिळून वकीलही आले. त्यांची नजर आधी माझ्यावर गेली.

"हे कोणी फोडलं? सरकारी वस्तू आहे ही!"

"मी फोडलं. सरकारी वस्तूला कुलूप कोणी घातलं, तेही टेलिफोन खात्याच्या माणसाला मीच सांगणार आहे."

"गोदावरी, आवाज खाली!"

"आज नाही. तुमचं नातवंड गेलंय. सून कशी आहे, एवढं तरी विचारा आधी."

वकील मटकन खुर्चीत बसले. बाई कपडे घेऊन निघून गेल्या.

मला नवी चकती बसली. कुलूप पुन्हा लागलं नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण घरातल्या कोणाचा हात माझ्यापर्यंत येताना अडवाल, तर मला घरात ठेवूच नका. उचला आणि उकिरड्यावर फेकून द्या.