चार घरांचा एक वायफाय

भोसरीतल्या त्या मजल्यावर खोल्या चार आणि वायफाय मात्र एकच. त्याचा डबा प्रितमच्या खोलीत टांगलेला, पासवर्ड चारही घरांना पाठ. एवढा घरोबा असताना एका फोनमधला व्हिडिओ शेजारच्या लॅपटॉपवर जायला किती वेळ लागावा? प्रितमनं त्यात पंधरा दिवस घालवले. म्हणे फाईल मोठी आहे, व्हॉट्सॲपवर जात नाही. मग केबल खराब निघाली. मग पेनड्राइव्ह कुणीतरी नेला. करायचंच नसलं की माणसाला सतराशे साठ कारणं सुचतात.

व्हिडिओ त्यानंच कंपनीत काढलेला. हात मधे आला की प्रेसचं मशीन थांबवणारा सेन्सर असतो. तो टेप लावून बंद केला की माल झपाझप निघतो. साहेब मागून बजावत होते, बंद कर तो, टार्गेट पुरं झालं पाहिजे. आणि या शहाण्याला त्यातही गंमत सुचली, एका हातात फोन धरून शूटिंग आणि दुसऱ्या हातानं टेप; साहेबांचा आवाजही त्यात आला. तासाभरात त्याच प्रेसवर शेजारच्या ज्ञानेशची दोन बोटं गेली. कंपनीनं लिहून दिलं, चूक ज्ञानेशचीच. सोमवारी कामगार कार्यालयात तारीख होती, आणि त्या व्हिडिओशिवाय ज्ञानेशच्या बाजूनं काहीच नव्हतं.

रविवारी सकाळी ज्ञानेशची बायको वर्षाली लॅपटॉप घेऊनच दारात आली. ती ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. म्हणाली, केबल नको की पेनड्राइव्ह नको, फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर असले की झालं. तिनं लॅपटॉपवरचा एक फोल्डर सगळ्यांसाठी खुला केला, प्रितमला फोनमध्ये तो शोधायला लावला आणि व्हिडिओ त्यात टाकायला सांगितलं. मेली ती फाईल, लगेच निघाली की! गॅसवर दूध आहे म्हणून वर्षाली लॅपटॉप घेऊन घरी गेली, आणि साठ टक्क्यांवर प्रितमनं उठून वायफायचं बटण बंद केलं.

मजल्यावर बोंब उठली. कुणाचा टीव्ही अडकला, कुणाची मीटिंग तुटली. वर्षाली परत आली तेव्हा त्याचा हात बटणावरच होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. नोकरी जायची भीती खरी होती, पण ती या बाईला कुठल्या तोंडानं सांगायची?

"वहिनी, त्यात टेप लावणारा हात माझा आहे," शेवटी तो म्हणाला.

"ठाऊक आहे. यांनी दवाखान्यातच सांगितलं मला," ती म्हणाली. "जबाबात मात्र तुमचं नाव घेतलं नाही. म्हणाले, त्याचं घर त्याच्याच पगारावर चालतं."

प्रितमनं बटण चालू केलं. फाईल पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागली. ती पुरती जाईपर्यंत तो भिंतीला टेकून उभा राहिला, मग शर्ट चढवून ज्ञानेशच्या दारात गेला आणि उद्या किती वाजता निघायचं ते विचारलं.

ज्ञानेश पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. "तू कशाला? व्हिडिओ आहे की आता."

"हात कुणाचा ते विचारतील ना," प्रितम म्हणाला. "मी सांगतो."